डोंगरातील जमिनीची किंमत

(अक्राणी-अक्कलकुवा परिसरातील शेतकऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कृषिविद्या विषयाचा अध्यापक म्हणून बियाणे, खते आणि पेरणी यांवर बोलणे हे माझे नेहमीचे काम आहे. परंतु सातपुड्यातील पाड्यांवर बसून बोलणे सुरू झाले की पहिला प्रश्न बियाण्याचा निघत नाही. "ही जमीन आमच्या पोरांकडे राहील का, आणि राहिली तर तिच्यावर त्यांचे पोट भरेल का?" हा प्रश्न निघतो. आज मी या प्रश्नावरच बोलणार आहे. पीक वर्षाचे असते, जमीन पिढ्यांची असते. म्हणून आधी जमिनीचा विचार करू आणि मग पिकाचा.

जुन्या धुळे जिल्ह्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजारांवर असून त्यांतील सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. तापीकाठची शहादा-तळोद्याची काळी जमीन केळी, पपई, ऊस आणि मिरची पिकवते. वर डोंगरात मात्र मुरमाड, उताराची, पावसावर अवलंबून असलेली जमीन आहे. एकाच जिल्ह्यातील या दोन जमिनींची तुलना बाजारभावाने केली तर डोंगरातील जमीन नेहमीच स्वस्त ठरेल. परंतु ही मोजणीच चुकीची आहे. डोंगरातील जमिनीची किंमत विक्रीच्या भावाने ठरत नाही. ती तीन गोष्टींनी ठरते: कागद, माती आणि झाड.

विकण्यासाठी नसलेली जमीन

आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला सहज विकता येत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला किंवा गहाणाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. विक्री, बक्षीस, अदलाबदल अशा इतर व्यवहारांत जिल्हाधिकाऱ्यांना आधी राज्य शासनाची मान्यता घ्यावी लागते. गावातील किंवा पाच किलोमीटरच्या आतील कोणी आदिवासी ती जमीन घ्यायला तयार आहे का, हेही पाहिले जाते.

काही तरुण म्हणतात, "आमचीच जमीन आम्हाला विकता येत नाही, मग ती मालमत्ता कसली?" त्यांनी हा कायदा कसा आला ते समजून घ्यावे. श्रावणात घरातले धान्य संपायचे. मग उसने धान्य किंवा पैसे घ्यायचे, कोऱ्या कागदावर अंगठा द्यायचा आणि पुढे स्वतःच्याच शेतात सालदार म्हणून राबायचे. शहादे-तळोदे पट्ट्यात अशा रीतीने कितीतरी भिल्ल कुटुंबांच्या जमिनी गेल्या. १९७० नंतर अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेच्या कार्यकर्त्यांनी या भागात जमिनी परत मिळवण्याची चळवळ उभी केली. त्यानंतर राज्यात कायदे झाले. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी मूळ मालकाला परत देण्याची तरतूद झाली आणि पुढील व्यवहारांवर निर्बंध आला. हा कायदा ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या अनुभवातून आलेला आहे, हे विसरू नये.

तोरणमाळ सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे. थंड हवा, तलाव आणि रस्ता असला की बाहेरच्या माणसाची नजर अशा जागेवर जाणारच. मग दोन पळवाटा सुचवल्या जातात. पहिली म्हणजे मुद्रांक कागदावर लिहून "वापरासाठी" कायमची जमीन देणे. दुसरी म्हणजे ओळखीच्या आदिवासी माणसाच्या नावाने खरेदी करून प्रत्यक्ष ताबा बाहेरच्याने ठेवणे. असे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. इंडोनेशियात १९६० च्या जमीन कायद्याप्रमाणे परदेशी माणसाला जमिनीची पूर्ण मालकी मिळत नाही, म्हणून तिथेही स्थानिक माणसाच्या नावाआड जमिनी घेण्याचा प्रकार चालतो. असा व्यवहार उघडकीस आला की पैसे देणारा आणि नाव देणारा असे दोघेही अडचणीत येतात. मूळ शेतकऱ्याच्या हातून तर तोवर शेतही गेलेले असते आणि पैसाही संपलेला असतो. म्हणून परवानगीशिवाय कुठल्याही कागदावर अंगठा किंवा सही देऊ नये. आदिवासीने आदिवासीला जमीन द्यायची असली तरी आधी तहसील कचेरीत मंजुरीची चौकशी करावी.

पहिला आधार: कागद

डोंगरातील गावात साधारणपणे तीन प्रकारची जमीन कसली जाते. काही जमीन सातबाऱ्यावर नावाची असते. काही वनहक्काच्या पट्ट्याची असते. काही पिढ्यान् पिढ्या कसलेली, पण कागद नसलेली असते. तिन्हींची कामे वेगळी आहेत.

१) सातबाऱ्याची जमीन: आमच्याकडे येणाऱ्या शेतकऱ्यांत एक प्रसंग वारंवार दिसतो. शेत नातू कसतो आणि सातबाऱ्यावर नाव आजोबांचे असते. आजोबा वारून वीस वर्षे झालेली असतात. पीक कर्ज, पीक विमा किंवा नुकसानभरपाई यांची वेळ आली की कागद पुढे सरकत नाही. खातेदार वारल्यावर तीन महिन्यांच्या आत वारसांनी तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांना कळवावे, असा नियम आहे. मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावे दिली की गाव नमुना ६-क मध्ये वारसांची नोंद होते. पुढे फेरफार मंजूर होऊन नावे सातबाऱ्यावर येतात. उशीर झाला असला तरी नोंद करता येते. मात्र जितकी पिढी मागे जाईल तितके वारस वाढतात आणि तितक्या अडचणी वाढतात. भावाभावांनी संमतीने वाटप केले असेल तर तेही तोंडी ठेवू नये. तहसीलदारांकडून कलम ८५ प्रमाणे करून घ्यावे.

२) वनहक्काची जमीन: वनहक्क कायदा २००६ साली झाला आणि त्याचे नियम २००८ साली आले. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आदिवासी कुटुंबाच्या प्रत्यक्ष ताब्यात असलेल्या व कसत असलेल्या वनजमिनीला, चार हेक्टरच्या मर्यादेत, या कायद्याने हक्क मिळतो. हा पट्टा वारसाने मुलांकडे जातो, पण विकता येत नाही आणि दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. विवाहित असल्यास पट्टा पती आणि पत्नी दोघांच्या नावे असतो. आपल्या पट्ट्यावर घरधनिणीचे नाव आहे का ते घरी गेल्यावर पाहा. पट्ट्यावर लिहिलेले क्षेत्र आणि जागेवरचे क्षेत्र जुळते का तेही पाहा. पट्ट्याची नोंद महसूल व वन खात्याच्या दप्तरात झाली पाहिजे. ती झाली आहे का याची विचारणा ग्रामसभेच्या वनहक्क समितीमार्फत लेखी करावी.

३) कागद नसलेली जमीन: दावा फेटाळला गेला म्हणजे सारे संपले असे समजू नये. फेटाळण्याचे कारण लेखी मिळाले पाहिजे. निर्णय कळल्यापासून साठ दिवसांच्या आत वरच्या समितीकडे दाद मागता येते. पुरावा म्हणजे केवळ सरकारी पावती नव्हे. जुनी विहीर, दगडी बांध, घराची जोती, स्मशानाची किंवा देवस्थानाची जागा आणि गावातील वृद्धांचे लेखी निवेदन, हे सर्व पुराव्यात धरले जाते. म्हणून गावातील ऐंशीच्या घरातील माणसांची निवेदने आजच लिहून घ्यावीत. ती माणसे हाच आपला जुना दस्तऐवज आहे.

नोंद नसल्याने काय होते हे शिकण्यासाठी लांब जायला नको. सरदार सरोवरामुळे महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली. ही सर्व गावे अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतीलच आहेत. नर्मदा पाणीतंटा लवादाच्या १९७९ च्या निवाड्याने, पंचवीस टक्क्यांहून अधिक जमीन गमावणाऱ्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन देण्याचे ठरवले. परंतु ज्यांच्या कसवणुकीची वा नावाची नोंद नव्हती, त्यांना आपण बाधित आहोत हेच आधी सिद्ध करावे लागले. त्यात अनेकांची उमेदीची वर्षे गेली. ज्या कागदाची एरवी गरज वाटत नाही, त्याची गरज संकटात एका दिवसात उभी राहते.

मुलींच्या वाट्याविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही. त्यामुळे आदिवासी समाजात मुलीचा वाटा आजवर रूढीवर सोडला गेला. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात, मुलीच्या वारसांनाही समान वाटा दिला. विधवा सून किंवा माहेरी परतलेली मुलगी शेतात राबते, आमचूर वाळवते, मोह वेचते; तिचे नाव कागदावर का नसावे? वाद कोर्टात जाण्यापूर्वी घरातच आणि गावपंचांपुढे हा निर्णय झालेला बरा.

पिकाची नोंदही विसरू नये. ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली असून शेतकरी स्वतः मोबाईलवरून पिकाची नोंद करू शकतो. आपल्या डोंगरात सगळीकडे संदेशवहन नीट चालत नाही. तरीही गावातील एखाद्या शिकलेल्या मुलाने बाजाराच्या दिवशी रेंज असलेल्या ठिकाणी हे काम उरकावे.

दुसरा आधार: माती

कागदावर दोन हेक्टर आहेत, पण माती ओढ्याने तापी-नर्मदेला गेली, तर वारसाला फक्त मुरूम मिळतो. डोंगरात मातीचा थर वीतभर असतो आणि तो तयार व्हायला पिढ्या लागतात. म्हणून पुढील कामे करावीत.

• नांगरट आणि पेरणी नेहमी उताराला आडवी करावी. वरून खाली मारलेला तास म्हणजे पाण्याला दिलेली वाटच असते.

• शेताच्या वरच्या अंगाला ६० सें.मी. रुंद आणि ३० सें.मी. खोल समपातळी चर काढावेत. चरातील माती खालच्या बाजूला टाकून तिचा बांध करावा.

• शेतातील दगड वेचून आडव्या ओळीत रचावेत. दगडी बांधाला खर्च नाही, लागते ती मेहनत. दोन-तीन पावसाळ्यांत त्यामागे गाळाची पट्टी तयार होते.

• बांधावर गिरीपुष्पाची फांदी लावावी आणि गवत वाढू द्यावे. गिरीपुष्पाचा पाला शेतात टाकला की नत्र मिळते आणि बांधही टिकतो.

• एकच पीक घेऊ नये. ज्वारी किंवा मक्यात तुरीच्या ओळी घ्याव्यात. बर्टी, मोर, भगर ही आपली जुनी तृणधान्ये हलक्या जमिनीत आणि कमी खर्चात येतात. त्यांचे बियाणे घरातून संपू देऊ नये. शहरात आता या धान्यांना गिऱ्हाईक मिळू लागले आहे. परंतु विकण्याआधी घरच्या कणगीत वर्षाचे धान्य ठेवावे. श्रावणात दुसऱ्याच्या दारी उसने मागायला न जाणे, हाच जमीन वाचवण्याचा सर्वांत जुना उपाय आहे.

तिसरा आधार: झाड

धडगावचे आमचूर दूरवर जाते. या भागातील जुनी रायवळ आंब्याची झाडे ही प्रत्येक घरची मालमत्ता आहे. अडचण आली की झाड लाकडासाठी व्यापाऱ्याला देण्याचा मोह होतो. तसे करू नये. आदिवासी खातेदारांची झाडे कवडीमोलाने नेली जाऊ लागल्याने १९६९ सालीच राज्याने स्वतंत्र कायदा केला. त्याप्रमाणे अशा झाडांची विक्री परस्पर करता येत नाही. आंब्याचे झाड तोडले तर त्याची किंमत एकदा मिळते. ते राखले तर दर उन्हाळ्यात मिळते.

आमचुराचा भाव रंगावर आणि स्वच्छतेवर ठरतो. कैरी पूर्ण वाढलेली पण कच्ची असावी. झाडावरून आपटून पाडलेली कैरी डागाळते, म्हणून झेल्याने उतरवावी. सोलण्यासाठी न गंजणारी सुरी वापरावी, कारण लोखंडी विळ्याने फोडी काळ्या पडतात. फोडी जमिनीवर न टाकता स्वच्छ कापडावर किंवा उंच ताटीवर वाळवाव्यात. कडक वाळल्यावर प्लास्टिकचे अस्तर असलेल्या पोत्यात भराव्यात. हंगामापूर्वीच उचल घेऊन माल बांधून देऊ नये. दहा-वीस घरांनी माल एकत्र करून एकाच दिवशी बाजारात नेला तर भावाची बोलणी करता येतात.

मोहफुले, टोळंबी, चारोळी, तेंदू यांसारख्या गौण वनोपजावर वनहक्क कायद्याने गावकऱ्यांचा मालकी हक्क मान्य केला आहे. ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाला आहे तिथे जंगल राखण्याचा अधिकारही ग्रामसभेचा आहे. १९९६ च्या पेसा कायद्यानेही अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला मोठे स्थान दिले आहे. हे जंगल कुणा एकाचे नाही, पण प्रत्येक घराच्या उत्पन्नात त्याचा वाटा आहे. चारोळीसाठी फांद्या तोडणे आणि मोह वेचण्यासाठी झाडाखाली आग लावणे गावाने ठरवून बंद करावे.

नवीन लागवडीसाठी उन्हाळ्यात १ × १ × १ मीटरचे खड्डे खणावेत. पावसापूर्वी चांगली माती, दोन-तीन पाट्या शेणखत आणि एक ते दोन किलो सिंगल सुपर फॉस्फेट घालून ते भरावेत. आंब्याचे अंतर १० × १० मीटर ठेवावे. बांधाच्या कडेला सीताफळ लावावे. राज्यात रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड १९९० साली सुरू झाली. सध्या कोणत्या योजनेतून किती अनुदान मिळते याची चौकशी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात करावी.

दिवाळी ते होळी

खरीप निघाला की पाड्यांवरील घरांना कुलपे लागतात. माणसे गुजरातकडे ऊसतोडीला आणि इतर मजुरीला जातात आणि होळीला परततात. मुलांची शाळा बुडते, म्हातारी माणसे मागे राहतात. या चार महिन्यांत गावातच थोडा पैसा मिळाला तर घर उघडे राहील.

अक्कलकुवा तालुक्यातील डाब येथील शेतकऱ्यांनी याच काळात स्ट्रॉबेरी घेऊन दाखवली आहे. ऑक्टोबरच्या सुमारास गादीवाफ्यावर लागण केली की डिसेंबर ते मार्चपर्यंत तोडणी चालते. थंड रात्री ही आपली जमेची बाजू. परंतु फळ नाजूक आहे, त्याच दिवशी भरून निघाले पाहिजे. रोपे बाहेरून आणण्याचा खर्चही मोठा आहे. म्हणून पहिल्या वर्षी चार-पाच गुंठ्यांहून अधिक लावू नये. पाणी, रस्ता आणि गिऱ्हाईक या तिन्ही गोष्टी आधी पाहाव्यात. जिथे त्या नाहीत तिथे कांदा, लसूण, वाटाणा, हरभरा बरा.

नगदी पिकाच्या नादात डोंगर कसा सोलला जातो याचे उदाहरणही इंडोनेशियातच आहे. जावा बेटावर सुमारे २००० मीटर उंचीवर दिएंग नावाचे पठार आहे. तिथे १९८० नंतर बटाट्याला चांगला पैसा मिळू लागला. लोकांनी उतारावरील झाडे काढून माथ्यापर्यंत बटाटा नेला आणि सऱ्याही उताराच्या दिशेने काढल्या. काही घरे पक्की झाली. पण माती वाहून गेली, खताची मात्रा वाढत गेली आणि तेवढ्याच उत्पन्नासाठी खर्च चढत गेला. एका पिढीने जमिनीचे मुद्दलच खर्च केले. आपण नगदी पीक जरूर घ्यावे, पण ते आडव्या वाफ्यावर, थोड्या क्षेत्रावर आणि झाडे राखून घ्यावे.

एका कुटुंबाचा आराखडा

समजा, एका कुटुंबाकडे दोन एकर म्हणजे ८० आर जमीन आहे. तिची विभागणी अशी करता येईल:

• ४५ आर: ज्वारी किंवा मका अधिक तूर, हलक्या तुकड्यावर बर्टी, मोर.

• २० आर: आंब्याची २० कलमे. पहिली काही वर्षे मधल्या जागेत उडीद.

• १० आर: पाणी असल्यास हिवाळी भाजीपाला किंवा स्ट्रॉबेरी, नसल्यास हरभरा.

• ५ आर: घर, गोठा, खताचा खड्डा, परसबाग.

यात मार्च-एप्रिलमध्ये मोह, एप्रिल-मेमध्ये आमचूर, दिवाळीच्या आसपास धान्य आणि हिवाळ्यात भाजी असा वर्षभर थोडा थोडा आधार मिळतो. नवीन कलमे चार-पाच वर्षांनी फळे देऊ लागतील. या आराखड्याने कुणी श्रीमंत होणार नाही. पण उचल घेण्याची वेळ कमी येईल. उचल थांबली की जमीन हातची जाण्याचे मुख्य दार बंद होते.

शेवटी, या उन्हाळ्यात प्रत्येक घराने तीन कामे करावीत असे मी सुचवतो. सातबारा, आठ-अ किंवा पट्टा बाहेर काढून त्यावर कोणाची नावे आहेत ते घरातील सर्वांसमोर वाचावे. शेताच्या वरच्या अंगाला निदान एक आडवा चर काढावा. आणि आंब्यासाठी निदान पाच खड्डे खणावेत. पहिल्या कामाला एक संध्याकाळ पुरते, उरलेल्या दोन कामांना आठवडा लागेल. मुलगा शिकून नोकरीला गेला तरी हरकत नाही, मुलगी सासरी गेली तरी हरकत नाही. परतावेसे वाटले तर परतण्याजोगी जमीन त्यांच्यासाठी शिल्लक असावी.

 कागद असो वा पीक, शंका असेल त्याने आता अवश्य विचारावी.